हंबीररावांची चूक

मार्केट यार्डातल्या चहाच्या गाड्यावर उभं राहून मिलिंद बनसोडेनं नव्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर जाहीर करून टाकलं, "अण्णा, यापुढं आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक राहूच शकत नाही. राहून दाखवावी!"

आता असं बोलू नये. निदान सांगलीत, भर यार्डात, चार माणसांत तरी बोलू नये. पण कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मिलिंदला बाकी सगळं शिकवलं, एवढंच कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णा म्हणजे धरणेंद्र अण्णा, गुळाचे आणि हळदीचे व्यापारी. त्यांच्या पेढीच्या मागच्या खोलीत पूर्वी गूळ भरलेला असायचा. ती खोली रिकामी करून अण्णांनी तिथं कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्यापुढं मिलिंदला बसवलं. गूळ गेला, पण हे मुंग्यांना कुणी कळवलं नाही. त्या आपल्या रोज सकाळी कीबोर्डात हजर! अण्णांचं घर जैन, मुंगीला धक्का लागता कामा नये. त्यामुळं मिलिंदच्या नोकरीचा पहिला अर्धा तास कीबोर्ड उलटा धरून हलक्या हातानं थोपटण्यात आणि "चला, निघा आता, कामाची वेळ झाली," असं मुंग्यांना समजावण्यात जायचा.

काम होतं गुळाचे रवे मोजण्याच्या प्रोग्रॅमचं. रवा म्हणजे गुळाची ढेप. गाडी आली, रवे उतरले, सौदा झाला, की किती आले आणि किती गेले हे यंत्रानं बिनचूक सांगायचं. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताला व्यापारी मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव जातीनं येऊन ते बघणार होते. त्यांना पटलं तर यार्डातल्या सगळ्या पेढ्यांवर हाच प्रोग्रॅम बसणार होता.

"आणि न्हाई पटलं तर भाऊबीज झाली की ह्या खोलीत परत गूळ भरायचा," अण्णांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "मी तुला काढत न्हाई हां, मिलिंद. पण गुळात बसून तू करणार काय?"

गुळात बसायचं नसेल तर वडूज. वडूजला मिलिंदच्या वडिलांनी, आबांनी, एका पतसंस्थेत कारकुनाची जागा बघूनच ठेवली होती. आबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. "कॉम्प्युटर म्हंजे परमनंट हाय का?" हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न आणि "मग घरी ये की," हे शेवटचं वाक्य. तिथली खुर्ची मिलिंदला स्वप्नात दिसायची. तिच्यावर टॉवेल टाकलेला असायचा आणि टॉवेलवर त्याचं नाव विणलेलं असायचं. तो दचकून उठायचा.

ती खुर्ची टाळायची म्हणून त्यानं पारख तयार केली.

पारख हे त्यानं ठेवलेलं नाव. मूळ माल परदेशी. कॉलेजातला एक सीनियर शिकायला बाहेर गेला होता, त्यानं तिकडून एका फ्लॉपीवर ती लायब्ररी पाठवली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असं तयार सामान. हिची करामत अशी, की प्रोग्रॅम तपासायला आपण उदाहरणं लिहीत बसायचंच नाही. आपण फक्त एक नियम सांगायचा. 'जेवढे रवे आले, तेवढेच मोजले गेले पाहिजेत.' बस्स! मग ती आपल्या मनानं वाट्टेल तशा शंभर गाड्या उभ्या करते, प्रोग्रॅमवर सोडते आणि नियम कुठं मोडतो ते बघते. आणि मोडला, की तिथं सोडत नाही. चाळीस रव्यांच्या गाडीला चुकतंय? मग एकोणचाळिसाला चुकतं का? अडतिसाला? असं एकेक रवा कमी करत करत सगळ्यात लहान चुकणारी गाडी तुमच्या पुढ्यात आणून ठेवते. घ्या, म्हणते, आता शोधा.

घोळ एवढाच होता की ती लिहिली होती भलत्याच भाषेत. त्या भाषेत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती बदलायची सोयच नाही. बाहेरचं काही सरळ आत आणायचीही सोय नाही. मिलिंद पंधरवडाभर डोकं धरून बसला. मग एकदा अण्णांच्या मातोश्रींनी, आक्काताईंनी, त्याला जेवायला बोलावलं आणि त्यांचं स्वयंपाकघर बघून त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिथं एकदा ठेवलेला डबा त्याच फळीवर, कायमचा. गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब आत नाही. बाहेरून आणलेलं उंबऱ्यावर द्यायचं, आत त्या स्वतःच्या हातानं नेणार. तीच ती भाषा! आणि मिलिंदला पारख आणायची होती सी नावाच्या भाषेत. सी म्हणजे सौद्याचं आवार. कुणीही यावं, काहीही उचलावं, कुठंही टाकावं, आणि पाय घसरला तर ज्याचा तो जबाबदार. आक्काताईंचं स्वयंपाकघर उचलून सौद्याच्या आवारात मांडायचं, असं ते काम होतं. अख्खा पावसाळा त्यात गेला. पण मांडलं पठ्ठ्यानं!

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी रंगीत तालीम झाली.

"अण्णा, मी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक घालून ठेवलीय," मिलिंद म्हणाला. "प्रत्येक गाडीतला एक रवा तो मोजायचा विसरतो. पारख ही चूक कशी पकडते ते हंबीररावांना दाखवायचं. मग चूक काढायची, परत चालवायचं, सगळं पास! कसं काय?"

"झकास!" अण्णा म्हणाले. "आणि नाव हंबीररावांचंच घाल. पडद्यावर आपलं नाव दिसलं की माणूस विरघळतो बघ."

पडद्यावर मराठी अक्षरं यावीत म्हणून अण्णांनी खास कार्ड बसवून घेतलं होतं. त्यावर ओळी येऊ लागल्या. हंबीरराव, चाळीस रवे, नापास. हंबीरराव, एकोणचाळीस रवे, नापास. लोकांना नीट वाचता यावं म्हणून मिलिंदनं प्रत्येक ओळीनंतर यंत्राला जरा दम खायला लावला होता. असं होत होत आकडा एकावर आला. मग शून्यावर आला आणि थांबला.

आक्काताई फराळाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. दिवस मावळायच्या आत पोरानं खावं म्हणून त्या रोजच असं काही ना काही घेऊन यायच्या. चष्मा सावरून त्यांनी शेवटची ओळ वाचली.

"हे काय रं, मिलिंदा?"

"शून्य, आक्का."

"हंबीररावांचे रवे शून्य? पाडव्याच्या मुहूर्ताला?"

"म्हणजे तसं नाही, आक्का, हे फक्त उदाहरण..."

"धरणेंद्रा!" आक्काताईंनी त्याच्याकडं बघणंच सोडून दिलं. "तुझ्या वडलांनी ह्या पेढीवर जन्मभर काटा धरला. कधी शून्य म्हटलं काट्यावर? अरं, एकसुद्धा म्हणत न्हवते! पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन! आणि तू भरल्या यार्डात शून्य दाखवणार?"

अण्णांचा चेहरा पडला. मिलिंदनं शेवटचा प्रयत्न केला. "आक्का, शून्य फार महत्त्वाचं असतं. प्रोग्रॅम चुकतात ते जास्तकरून तिथंच."

"मग मुहूर्ताला त्यालाच कशाला बोलावतोस?"

"काढून टाक," अण्णा म्हणाले.

"काय?"

"शून्य."

काढलं! काय करणार? शून्य आलं की ते ओलांडून पुढं जा, असं त्यानं पारखला सांगितलं. एकाच्या जागी 'लाभ' अशी अक्षरं यावीत असंही सांगितलं. चार ओळींचं काम. ते करून तो एकदा चालवून बघणार, एवढ्यात आक्काताई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. पूजेची वेळ झाली होती, आणि पूजेला लागलेल्या यंत्राला मुहूर्तापर्यंत हात लावायचा नाही अशी पेढीची रीत. काटा असो, तिजोरी असो, नाहीतर कॉम्प्युटर.

"चारच तर ओळी," मिलिंद स्वतःशी म्हणाला आणि चकली खाल्ली.

पाडव्याच्या सकाळी खोली ओळखू येत नव्हती. मॉनिटरला झेंडूचा हार, कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकवाची बोटं, आणि कीबोर्डावर आडवा चौरंग. चौरंगावर तांदूळ, तांदळावर कलश, कलशावर नारळ. कीबोर्डाचा एक कोपरा तेवढा बाहेर होता आणि त्या कोपऱ्यात एंटरचं बटण.

पहिल्या एसटीनं आबा आले. निळा ब्लेझर, छातीवर बिल्ले, बूट असे की त्यात तोंड बघावं.

"जय भीम, आबा. तुमी येनार म्हनून कळवलं न्हाई ते?"

"जय भीम. कळवून येतो ते इन्स्पेक्शन न्हवं." आबांनी खोलीवर नजर फिरवली. "ह्याला हार घातलाय?"

"अण्णांच्यात पद्धत हाय."

"आपल्यात यंत्राला हात जोडत न्हाईत." आबांनी क्षणभर विचार केला. "सॅल्यूट चालंल." आणि टाचा जुळवून त्यांनी मॉनिटरला असा कडक सॅल्यूट ठोकला की आक्काताईंना भरून आलं.

पारख काय करते ते मिलिंदनं त्यांना थोडक्यात सांगितलं. आबांना ते झटक्यात समजलं. "म्हंजे सरप्राइज चेकिंग! कवाबी यायचं, कुटूनबी यायचं, आन् चुकलेला जवान पकडायचा."

"अगदी बरोबर, आबा!"

"पलटणीत लय नावडता असतो तो मानूस," आबा गंभीरपणे म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून विश्राममध्ये उभे राहिले.

हंबीरराव आले. आधी त्यांचा आवाज आला, मग फेटा आला, मग ते आले. त्यांच्या मागून निम्मं यार्ड आत शिरलं. मिलिंदनं पाठ केलेलं भाषण म्हटलं, आणि हंबीररावांनी कुंकवाचं बोट एंटरवर टेकवलं.

हंबीरराव, चाळीस रवे, नापास.

"नापास कोण? मी?"

"नाही नाही! प्रोग्रॅम!" मिलिंद म्हणाला.

"मग नाव माझं कशाला?"

अण्णांना मोठा खोकला आला. आकडा शांतपणे खाली येत होता. वीस, दहा, पाच, दोन. आणि मग पडद्यावर ठसठशीत अक्षरं उमटली, 'लाभ'. सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्काताईंनी पदर डोळ्यांना लावला. मिलिंदनं घसा साफ केला, "तर मंडळी, हीच ती सगळ्यात लहान..."

हंबीरराव, उणे एक, नापास.

मिलिंदचं तोंड उघडंच राहिलं. अरे देवा! पारख थांबायची ती शून्यापाशी. थांबायची खूण तीच होती आणि तीच त्यानं काढून टाकली होती! शून्य ओलांडून पुढं जा म्हटल्यावर ती बिचारी पुढं निघाली होती. शिवाय दम खायचा हुकूम होता तो फक्त शून्याच्या वरच्या आकड्यांना. खाली आकडे असतील हे त्याच्या ध्यानीमनी कुठं होतं? त्यामुळं आता ती सुसाट सुटली!

"उणे एक म्हंजे?" हंबीरराव म्हणाले.

"म्हणजे... एक रवा कमी," अण्णा चाचरले.

"लाभापेक्षा कमी? मी कुणाचा रवा उचललाय का?"

बोलेपर्यंत उणे पाचशे झालं होतं.

"पाचशे!" मागून कुणीतरी म्हणालं. हंबीररावांचे कान लाल झाले.

मिलिंद कीबोर्डाकडं झेपावला.

"खबरदार! कलश हलवायचा न्हाई!" आक्काताई कडाडल्या. "आरती व्हायची हाय अजून!"

तो प्लगकडं वळला. अण्णांनी त्याचा हात धरला. "मुहूर्ताला चालू यंत्र बंद करतोस? येडा झालास का?"

राहिलं ते एंटर. ते त्यानं दहा वेळा दाबलं. पारखनं ढुंकूनही बघितलं नाही. उणे तीन हजार. हंबीरराव उठून उभे राहिले. आता हा माणूस दाराबाहेर पडला की सगळं संपलं. खोलीत गूळ, आणि आपण टॉवेल टाकलेल्या खुर्चीत! मिलिंदला रडूच यायचं बाकी होतं.

"आक्का, आरती!" तो ओरडला. "आरती घ्या आधी!"

आक्काताईंनी घंटा उचलली. आता आरती सुरू झाल्यावर कुणी निघून जातं का? हंबीररावांना हात जोडावेच लागले. सगळं यार्ड टाळ्या वाजवत उभं राहिलं आणि समोर निरांजनाच्या उजेडात हंबीरराव उणे आठ हजार झाले, बारा हजार झाले, वीस हजार झाले. इतक्या भक्तिभावानं कुणाची अशी वाट लागलेली सांगलीनं पाहिली नसेल. हंबीररावांच्या मिशा थरथरत होत्या. मिलिंद डोळे मिटून वडूजच्या पतसंस्थेची वेळ आठवत होता. आबा सावधानमध्ये उभे होते.

उणे तीस हजार. एकतीस. बत्तीस.

मिलिंदनं डोळे उघडले. बत्तीस हजार? त्या यंत्रात आकड्याला जागा ठरलेली असायची, बत्तीस हजारांच्या थोडं पुढंपर्यंतच. लुनाचा मीटर सगळे नऊ झाले की जसा पहिल्या जागी येतो, तसा हा आकडा तळाला टेकला की...

टेकला! पडदा एकदम शांत झाला. आकडा शून्याच्या वर आला होता, तेव्हा दम खायचा हुकूमही परत लागू झाला. एकच ओळ, ठळक, सावकाश.

हंबीरराव, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट रवे.

घंटा थांबली. कापराचा वास तेवढा राहिला.

"हे रवे?" हंबीररावांनी हळू आवाजात विचारलं.

"रवे," मिलिंद म्हणाला.

"माझे?"

"नाव तर तुमचंच आहे."

"शाब्बास!" भिंतीकडून आबांचा आवाज आला आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्या मागं सगळ्या यार्डानं वाजवली.

"पण पुढं नापास लिहिलंय की वो," मागून एक जण म्हणाला.

"असू दे की!" हंबीरराव गरजले. "शाळेत बी नापासच होतो मी. एवढे रवे हायत का कुणाकडं यार्डात? सांग की!"

कुणाकडंच नव्हते. एवढ्यात पुढची ओळ आली. बत्तीस हजार सातशे सहासष्ट.

"आँ! एक कुठं गेला?"

"आक्का, कलश!" मिलिंद ओरडला. आरती झालीच होती. आक्काताईंनी कलश उचलला, अण्णांनी चौरंग उचलला आणि मिलिंदनं दोन बटणं दाबून पारखला तिथल्या तिथं गप्प केलं.

हंबीरराव परत खुर्चीत बसले. पेढा मागितला. खाल्ला. "ठरलं," ते म्हणाले. "हे यंत्र सगळ्या पेढ्यांवर बसवायचं. पण एक अट. रोज सकाळी पेढी उघडली की आधी हे दाखवायचं. माझं नाव, खाली जाणं, आणि मग हे वर येणं."

आता ह्या पोरानं गप्प बसावं की नाही? पण खरं बोलायची खोड! "साहेब, पण ती चूक आहे. आकडा तळातून घसरून वर..."

अण्णांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"चूक हाय ते कळतंय मला," हंबीरराव शांतपणे म्हणाले. "एवढी वर्षं यार्डात काढली, माझे रवे मला ठावं न्हाईत व्हय? पण सकाळच्या पारी चूक व्हायचीच असली तर अशी व्हावी. नंतर तुमचं काय खरं मोजायचं ते मोजा दिवसभर. आणि एक ध्यानात ठेवा. ज्या दिवशी ही चूक दिसली न्हाई, त्या दिवशी यंत्र परत!"

ते गेले. अण्णांनी मिलिंदला मिठीच मारली. "खोली तुझी रं! तुझी!"

दुपारी आबांना स्टँडवर सोडायला मिलिंद गेला. वडूजची गाडी लागली तसा मिलिंद म्हणाला, "आबा, पावसाळाभर जीव काढून चुका धरायचं यंत्र केलं. आन् आता एक चूक राखायला बसलोय. लाज वाटती."

"परमनंट हाय का?"

"हाय. आता हाय."

"मग लाज कसली?" आबा खिडकीतून म्हणाले. "मी सरहद्दीवर एका कोठाराला तीन वर्षं पहारा दिला. बदलीच्या दिवशी कुलूप काढलं तर आत काय बी न्हवतं. पर पहारा चोख होता, गड्या." गाडी हलली. "त्या पतसंस्थेला न्हाई म्हनून कळवतो."

भाऊबीज झाली. ज्या दिवशी खोलीत परत गूळ भरला गेला असता, त्या दिवशी मिलिंद कीबोर्डासमोर बसला. मुंग्या थोपटून बाहेर काढल्या. गुळाच्या प्रोग्रॅममधली मुद्दाम घातलेली चूक काढली, पारखमध्ये शून्य परत जागच्या जागी बसवलं. आणि हंबीररावांसाठी वेगळ्या जपून ठेवलेल्या त्या चार ओळींवर पारख लावायला घेतली. नियम लिहायचा होता. लिहिता लिहिता त्याची बोटं अडली. मग त्यानं लिहून टाकलं. 'कितीही रव्यांपासून सुरुवात होवो, कुणाचंही नाव असो, ही चूक झालीच पाहिजे.'

एंटर दाबलं. पारखनं इमानेइतबारे शंभर गाड्या उभ्या केल्या, एकेक तळाला नेली, वर आणली. पावसाळाभरात तिनं मिलिंदच्या एकाही कामाला पहिल्या झटक्यात सोडलं नव्हतं. पडद्यावर ओळ आली. शंभर चाचण्या, सगळ्या पास.

आक्काताई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. "काय सापडलं का रं आज?"

"नाही, आक्का," मिलिंद म्हणाला. "चूक शाबूत आहे."

"मग खाऊन घे. दिवस मावळायला आला."